नंदीच्या पायथ्याचा दिवस

पहाटे साडेचार, मल्लेश्वरम

काडु मल्लेश्वराच्या देवळाजवळ गाडी उभी करायला सांगते, त्याला कारण आहे. बंगळुरातल्या मराठी माणसांना नंदीदुर्गाकडे घेऊन जायचं तर सुरुवात इथूनच व्हावी. विजापूरच्या रणदुल्लाखानानं १६३८ साली बंगळूर घेतलं आणि ही जहागीर शहाजीराजांकडे आली. पुढे त्यांचे पुत्र व्यंकोजी, ज्यांना लोक एकोजी म्हणत, यांनी या देवाला गाव इनाम दिलं. तो शिलालेख १६६९ सालचा. अंधारात तो दाखवता येत नाही, पण सांगता येतो.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आहे, त्यामुळे स्वेटर, शाली, कानटोप्या. आजच्या गटात कोथरूडहून मुलाकडे आलेले काका-काकू आहेत. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचा मुलगा आणि सून आहेत, ती दोघं नुकतीच इटलीहून फिरून आली आहेत. पेणकडच्या एक आजी आणि त्यांची दहावीतली नात. शिवाय व्हाइटफील्डमध्ये राहणाऱ्या दोघी मैत्रिणी. मी डोकी मोजते, पाण्याच्या बाटल्या मोजते, ड्रायव्हर अण्णा आरसा पुसतात आणि आम्ही निघतो.

गाडी सुरू झाली की मी एक गोष्ट सगळ्यांना आधीच सांगून टाकते. आपण सूर्योदयाला जात नाही. बंगळूरची हजारो माणसं रात्रीच निघून नंदीच्या फाटकाशी रांग लावतात, ढगांचे फोटो काढतात आणि नऊला परतीच्या वाटेवर असतात. नंदी पाहायची ती पायथ्याकडून. डोंगरावर काय आहे याहून डोंगरानं खाली काय दिलं, ते पाहण्यासारखं आहे. त्यात बंगळूरही आलं.

सहा ते आठ, नंदी गाव

विमानतळाचा झगमगाट मागे पडला की देवनहळ्ळीच्या पुढे धुकं लागतं. गावात पोचतो तेव्हा नुकतंच फटफटत असतं आणि भोगनंदीश्वराचं देऊळ उघडलेलं असतं.

इथे मी सगळ्यात जास्त वेळ ठेवते. देवळाशी संबंधित जुन्या लेखांपैकी एक राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याच्या काळातला, सुमारे इ. स. ८०६ चा. वेरूळचं कैलास लेणं ज्याच्या काळात कोरलं गेलं तो पहिला कृष्ण हा या गोविंदाचा आजोबा. दख्खनच्या एका टोकाला आजोबांनी डोंगर कोरून काढला आणि दुसऱ्या टोकाला, डोंगराच्या पायथ्याशी, नातवाच्या काळातला हा लेख. मग नोलंब, बाण, गंग, चोळ, होयसळ, विजयनगर, प्रत्येकानं काहीतरी भर घातली. एका देवळात सहाशे-सातशे वर्षांचे हात दिसतात आणि कुठे जोड खटकत नाही.

दोन गाभारे आहेत, अरुणाचलेश्वर आणि भोगनंदीश्वर. मधे उमा-महेश्वराचं छोटं देऊळ. लोक सांगतात, अरुणाचलेश्वर हे शिवाचं बालपण, भोगनंदीश्वर हे तारुण्य, मधे लग्न, आणि वर डोंगरमाथ्यावरचा योगनंदीश्वर म्हणजे विरक्ती. म्हणून नवी जोडपी खाली येतात आणि वरच्या देवळात फारसे उत्सव होत नाहीत. पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकच आयुष्य मांडून ठेवलं आहे, आणि माणसं फक्त शेवटचं पान वाचून घरी जातात.

मधल्या मंडपाचे काळ्या दगडाचे खांब मी हात न लावता, अगदी जवळून पाहायला सांगते. वेली, पक्षी, नक्षीची एवढी बारीक कामं की दगड मऊ होता असं वाटावं. नात भिंतीतल्या दगडी जाळीपाशी थांबली. जाळीच्या भोकाभोकांतून नाचणाऱ्या आकृत्या आहेत आणि पूर्वेचा उजेड त्यांच्यामधून आत येत होता.

मग शृंगीतीर्थ. चारी बाजूंनी ओवऱ्या आणि पायऱ्यापायऱ्यांनी उतरत जाणारं चौकोनी कुंड. काका पायरीवर बसले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, तो मला फार आवडला. “याला पाणी कुठून?”

त्या प्रश्नावर आमचा उरलेला दिवस चालला.

सव्वाआठ

गावातच इडली, वडा, कॉफी. पंधरा मिनिटं.

नऊ ते साडेअकरा, सुलतानपेटच्या पायऱ्या

गाडी घाटरस्त्यानं वर जाते, आम्ही पायी. सुलतानपेटहून दगडी पायऱ्यांची जुनी वाट आहे, अकराशेच्या वर पायऱ्या. आजी आणि काकू अण्णांबरोबर गाडीनं गेल्या.

सह्याद्रीत चाललेल्या पायांना हा डोंगर वेगळा लागतो. आपला काळा पाषाण थराथराचा, त्याला कडे, माची, पठारं. लाव्हाचा, जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा. इथला दगड अडीचशे कोटी वर्षांहूनही जुना, ग्रॅनाइटच्या जातीचा, गोलसर, उघडा. पाऊस पडला की तो अंगावर ठेवत नाही, घरंगळून पायथ्याशी सोडतो. म्हणून या मुलखात डोंगराखाली तळ्यांची साखळी असते. वरचं तळं भरलं की त्याच्या सांडव्याचं पाणी खालच्या तळ्यात, तिथून आणखी खालच्या. शृंगीतीर्थाच्या पाण्याचं उत्तरही याच उतारात आहे. काका चालता चालता हे ऐकून घेत होते आणि मधूनमधून थांबून खालची तळी बोटानं मोजत होते.

अर्ध्या वाटेवर झुडपांत पिवळ्या गळ्याचा बुलबुल दिसला. फक्त दक्षिण भारतातल्या अशा खडकाळ, खुरट्या रानात राहणारा हा पक्षी आहे. त्याला उंच झाडी नको, बागही नको. ओसाड म्हणून आपण ज्या उताराकडे पाहतही नाही तोच त्याचा संसार. शेजारच्या टेकड्यांमधून दगडखाणींचे आवाज येतात तेव्हा मला आधी त्याची काळजी वाटते. या जिल्ह्यात खडीसाठी टेकड्या फोडल्या जातात आणि ती खडी शहरांच्या इमारतींत जाते.

तटबंदी लागली की इतिहास सांगावाच लागतो. हैदर आणि टिपूनं हा किल्ला बळकट केला. ऑक्टोबर १७९१ मध्ये तीन आठवड्यांच्या वेढ्यानंतर कॉर्नवॉलिसच्या फौजेनं रात्री हल्ला करून तो घेतला. त्या युद्धात पेशव्यांचं सैन्य इंग्रजांच्या बाजूनं होतं, हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन याच मुलखात फौजा घेऊन उतरले होते. दहावीच्या पुस्तकात हे एवढं सविस्तर नसतं. नात म्हणाली, “म्हणजे आपण टिपूच्या विरुद्ध होतो?” होतो. ते सांगताना मी आवाज खाली आणत नाही, वरही नेत नाही.

साडेअकरा, माथा

उंची १,४७८ मीटर. धुकं निघून गेलेलं आणि गर्दीही. पहाटे आलेली बहुतेक माणसं उतरून गेली आहेत, आणि आत्ता कुठे खालचा मुलूख स्वच्छ दिसायला लागला आहे.

योगनंदीश्वराचं दर्शन, अमृतसरोवर, टिपूच्या कड्यावरून दूरवर नजर. मग महात्माजी राहिले होते तो बंगला. १९२७ च्या मार्चमध्ये महाराष्ट्राच्या दौऱ्यात, कोल्हापुरात, गांधीजींची प्रकृती एकाएकी ढासळली. काही दिवस आंबोलीला विश्रांती झाली आणि तिथून त्यांना नंदीवर आणलं. उन्हाळ्याचे काही आठवडे ते इथे होते. १९३६ साली पुन्हा आले. आंबोली आणि नंदी ही दोन नावं एका माणसाच्या दुखण्यानं जोडली गेली आहेत, हे ऐकून काकू बंगल्यासमोरच्या कट्ट्यावर बराच वेळ बसून राहिल्या.

मी सगळ्यांना पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या कठड्यापाशी नेते. नंदी आणि तिच्या भोवतीच्या ब्रह्मगिरी, चन्नगिरी, स्कंदगिरी या टेकड्यांच्या परिसरातून नद्या निघतात. उत्तर पिनाकिनी आंध्रात जाते, दक्षिण पिनाकिनी तमिळनाडूत. आणि अर्कावती इथून निघून बंगळूरच्या पश्चिमेनं उतरत कावेरीला मिळते. याच अर्कावतीवर हेसरघट्टाचं तळं आहे. १८९० च्या दशकात बंगळुरात पहिल्यांदा नळानं पाणी आलं ते तिथून. मग १९३० च्या दशकात तिप्पगोंडनहळ्ळीचं धरण, तेही याच नदीवर. कावेरीचं पाणी शंभर किलोमीटरवरून वर चढवून आणण्याआधी बंगळूर कितीतरी दशकं या डोंगराच्या पाण्यावर जगलं. आता अर्कावतीच्या वरच्या पट्ट्यात वर्षातले बरेच महिने पात्र कोरडं असतं. खोल खोल गेलेल्या कूपनलिका आणि मैलोगणती निलगिरीची लागवड ही त्याची मोठी कारणं. निलगिरी वाढते, कुंपण लागत नाही, राखण लागत नाही, आणि मुलं शहरात गेलेल्या घराला ती परवडते. लावणाऱ्याला दोष देऊन काही होणार नाही, त्याला नाचणीत पैसा मिळायला हवा.

इटलीहून आलेल्या मुलानं विचारलं, “तिकडे टस्कनीत प्रत्येक टेकडीच्या माथ्यावर गाव आहे. इथे माथ्यावर फक्त किल्ला आणि गावं सगळी खाली. असं का?”

चांगला प्रश्न होता. तिकडची माणसं टेकडीवर राहिली ती लुटारूंपासून दूर आणि सखल भागातल्या हिवतापापासून दूर. दिवसा खाली उतरून द्राक्ष, ऑलिव्ह, गहू करायचा, संध्याकाळी वेशीच्या आत. इकडे पाऊस काही महिन्यांचाच. पाणी तळ्यात अडवलं तर शेती, आणि तळं डोंगराखाली. मग माणसानंही तळ्याच्या बांधाखालीच राहायचं, संकट आलं तर गडावर चढायचं. दोन्हीकडे टेकडी आणि रान मिळूनच एक गाव होतं. सिएनाच्या नगरभवनात अंब्रोज्यो लोरेंझेत्ती या चित्रकारानं १३३८-३९ मध्ये एक लांबच लांब भित्तिचित्र काढलं आहे. डावीकडे शहर, मधे वेस, उजवीकडे मळे आणि टेकड्या. वेशीतून एक शेतकरी डुक्कर हाकत आत येतो आहे आणि शहरातली श्रीमंत माणसं घोड्यावरून बाहेर पडताहेत. चांगल्या राज्यकारभाराचे परिणाम दाखवायला त्यानं शहर आणि रान एकाच भिंतीवर, एकाच सलग चित्रात काढलं. सूनबाईंनी ते प्रत्यक्ष पाहिलं होतं. त्या म्हणाल्या, “मी शहराच्याच बाजूला जास्त वेळ उभी होते.”

बंगळूरही तसंच करतं.

दीड, जेवण

वेळ ठरवून ठेवलेल्या एका घरी जेवतो. अंगणात नाचणीची गंजी, शेजारच्या डांबरी रस्त्यावर हुलग्याच्या वेली पसरलेल्या, जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली मळणी होते. घरच्या अक्का दारातच म्हणतात, “बन्नि, ऊटा माडि.” या, जेवा.

रागीमुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचा वाफाळता गोळा, आणि हितकिद बेळे सारू. डिसेंबर-जानेवारी हा अवरेचा, आपल्या वाल-पावट्याचा हंगाम. ओले दाणे रात्रभर भिजवून एकेक चिमटीत दाबून साल काढायचं, मग त्याचा सारू. आजी पेणच्या. पानात वाढलेलं पाहिलं आणि त्या ताठ बसल्या. “अगं, या तर डाळिंब्या!” बिरड्याच्या वालांना आयुष्यभर साल काढलेला हात तो. जेवणं झाल्यावर त्या उठून मागच्या पडवीत गेल्या. तिथे अक्कांची सासू संध्याकाळच्या दाण्यांची परात घेऊन बसली होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आजी परातीशी बसल्या आणि दाणे सोलायला लागल्या. सासूबाईंनी त्यांचा वेग पाहून सुनेला हाक मारून बोलावलं आणि बोटानं दाखवलं. मी वेळापत्रक वीस मिनिटं पुढे ढकललं.

मुद्दे कसं खायचं हे काकांना अक्कांच्या मुलानं शिकवलं. लहान तुकडा तोडायचा, सारूत घोळवायचा, चावायचा नाही, गिळायचा. काकांनी दोन गोळे संपवले.

या घराला मी माणशी पैसे देते आणि ते जेवणाआधी देते. हॉटेलात खर्च झाला असता तेवढेच. गावातून फिरणाऱ्यांचा पैसा गावात राहावा, एवढं तरी आमच्या हातात आहे.

साडेतीन, मुद्देनहळ्ळी

नंदीच्या सावलीतलं छोटं गाव. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांचं जन्मस्थान. घर जपलेलं आहे, जवळच समाधी आहे, आणि समाधीच्या मागे सबंध नंदी उभी दिसते.

काका इथे माझ्या आधी बोलायला लागले, आणि मी त्यांना बोलू दिलं. म्हैसूर सरकारची शिष्यवृत्ती घेऊन हा मुलगा पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये गेला, १८८३ च्या अभियांत्रिकी परीक्षेत पहिला आला, आणि मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागला. खडकवासल्याच्या सांडव्यावर १९०३ मध्ये त्यांनी आपोआप उघडणारे दरवाजे बसवले, पूर चढला की उघडतील आणि उतरला की मिटतील असे. नीरेच्या कालव्यावरच्या शेतकऱ्यांसाठी पाण्याची गटपद्धत बसवली, म्हणजे थोड्या जमिनीला बारमाही उसाचं पाणी आणि बाकीच्या पिकांना पाळीनं, जेणेकरून पाणी जास्त गावांत पोचेल. काकांची सगळी नोकरी त्या पद्धतीच्या वारशावर गेली होती. ते म्हणाले, “आम्ही त्यांचं नाव दर अभियंता दिनाला घ्यायचो. त्यांचं पाणी कुठलं, हे आज बघितलं.”

मला वाटतं, तळ्यांच्या या देशात वाढलेल्या मुलालाच पाणी वाटून घेण्याची गोष्ट इतकी मनावर घेता आली असावी. हा माझा तर्क आहे, पण या जागी उभं राहिलं की तो करावासा वाटतो.

पावणेपाच, तुती आणि द्राक्ष

रस्त्याकडेच्या घरांच्या भिंतींना बांबूच्या मोठ्या गोल चंद्रिका टेकवलेल्या. त्यांच्यावर रेशीमकिडे कोष विणतात, कोष काढून झाले की त्या उन्हात वाळवतात. एक पीक साधारण महिन्याभराचं. शिडलघट्टा इथून जवळ, तिथल्या सरकारी बाजारात कोषांचा लिलाव होतो. कीटकगृहात आम्ही शिरत नाही, बाहेरच्या माणसाबरोबर रोग आत जाऊ शकतो. दारातूनच ऐकायचं. शेकडो अळ्या तुतीची पानं खातात, त्याचा पावसासारखा आवाज येतो. नात तिथून हलायला तयार नव्हती.

पलीकडे मांडवावर बंगळूर ब्ल्यू द्राक्षं. काळपट निळी, जाड सालीची, बियांची, वासाला तीव्र. नाशिकच्या बिनबियांच्या सवयीला ती आधी परकी वाटतात. रसाला आणि वाइनला ती जातात, आणि त्यांना भौगोलिक मानांकनही आहे. याच डोंगराच्या दोड्डबळ्ळापूरच्या अंगाला १९८० च्या दशकाच्या अखेरीस ग्रोव्हर कुटुंबानं वाइनसाठी फ्रेंच जातींची लागवड सुरू केली. नाशिकला वाइनचं शहर म्हणायला लागण्याच्या कितीतरी आधी. व्हाइटफील्डच्या दोघींनी घरासाठी एकेक पेटी घेतली.

सहा, देवनहळ्ळी

किल्ल्याच्या तटावर शेवटचं ऊन. टिपूचा जन्म या गावात झाला. इथलं पपनस, चकोता, तेही मानांकन मिळालेलं, पण बागा आता मोजक्याच उरल्यात. २००८ मध्ये विमानतळ सुरू झाला आणि जमिनीचे भाव असे चढले की पपनसाच्या झाडाला उभं राहायला जागा महाग झाली.

तरी इथली एक गोष्ट मी आवर्जून सांगते. या तालुक्यातल्या चन्नरायपट्टण होबळीच्या तेरा गावांची १,७७७ एकर जमीन औद्योगिक वसाहतीसाठी घ्यायची ठरली होती. शेतकऱ्यांनी तीन वर्षांहून जास्त काळ धरणं धरलं. जुलै २०२५ मध्ये राज्य सरकारनं ते भूसंपादन सोडून दिल्याचं जाहीर केलं. ज्या द्राक्षांखाली, तुतीत, नाचणीत आम्ही आज फिरलो, तसलीच ती जमीन.

साडेसात, हेब्बाळचा पूल

गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकतात. खिडकीतून हेब्बाळचं तळं दिसतं आणि मी दिवसातली शेवटची माहिती इथे देते, कारण ती याच जागी पटते. हेब्बाळ आणि नागवार खोऱ्यांतलं शहराचं सांडपाणी शुद्ध करून, रोज २१ कोटी लिटरच्या हिशेबानं, चिक्कबळ्ळापूरच्या बाजूच्या कोरड्या तळ्यांत सोडण्याची योजना आहे. तिच्यामुळे तळ्यांत पाणी दिसायला लागलं. पण शुद्धीकरण दोनच टप्प्यांचं आहे. तिसरा टप्पा करून द्या, ही तिकडच्या लोकांची मागणी कित्येक वर्षांची आहे, आणि ती रास्त आहे. ज्या डोंगरानं शहराला पहिलं नळाचं पाणी दिलं, त्याच्या पायथ्याला शहरानं निदान निर्मळ पाणी परत करावं.

काकांनी वही काढून आकडा लिहून घेतला. “तिसऱ्या टप्प्याला खर्च किती येतो ते मी काढून पाठवतो,” म्हणाले.

साडेनऊ, घर

अण्णांचे पैसे चुकते केले. वहीत पुढच्या गटासाठी टिपा: सुलतानपेटच्या वाटेवर पाणी जास्त न्यायचं, मुद्देनहळ्ळीला अर्धा तास वाढवायचा, द्राक्षाच्या मळ्यावर आधी फोन करायचा.

मग अक्कांना फोन. पुढच्या रविवारी किती माणसं, हे त्यांना आजच कळलं तर दाणे वेळेवर भिजत घालता येतात. आठ, म्हटलं. त्यांनी विचारलं, त्या सोलणाऱ्या आजी परत येणार का? त्या गावी जाणार आहेत, सांगितलं. मग त्यांच्यासाठी दोन किलो अवरे बांधून ठेवते, येताना घेऊन जा, त्या म्हणाल्या, आणि संक्रांतीच्या आधी पोचव.